वर्गात न बोलणारे सर

आमच्या शाळेत एक सर होते, ते वर्गात बोलत नसत. एरवी त्यांना बोलायला विषय लागायचा नाही. ते स्टाफरूममध्ये शिरले की आम्ही भराभर डबे संपवायचो, कारण डब्यातल्या भाजीवरून ते उत्कलनबिंदूवर आणि तिथून मीरा रोडच्या रिक्षावाल्यांवर कधी पोचतील याचा नेम नसे. पण नववी ब च्या दारातून आत पाऊल पडलं की तोंडात मूग. सरळ शेवटच्या बाकावर जाऊन बसायचे, चपला काढून पाय वर घ्यायचे आणि चष्मा पुसत राहायचे. पुढे मुलं आपापल्या उद्योगात. मी शेजारच्या वर्गात घसा फोडून कविता शिकवायचे आणि भिंतीपलीकडून बादल्या आपटल्याचा आवाज यायचा.

मी तेव्हा नवीनच लागले होते. परळच्या चाळीतलं बिऱ्हाड हलवून आम्ही मीरा रोडच्या हाटकेशला आलो होतो आणि नोकरी घरापासून चालत जाण्याइतकी जवळ मिळाली म्हणून सासूबाईंनी नारळ फोडला होता. एकदा धीर करून मी सरांना विचारलं की तुम्ही शिकवता कधी.

"बाई, बोलायचं ते मी घरी बोललोय," ते म्हणाले. "वर्गात परत बोललो तर मुलांचा वेळ फुकट जातो."

घरी म्हणजे मुलांच्या घरी, हे मला पुढे कळलं. त्याची सुरुवात कॉम्प्युटरपासून झाली होती. कुठल्याशा ट्रस्टने शाळेला कॉम्प्युटर दिले होते. आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, यांनी त्यांच्यासाठी एक खोली रिकामी केली, शिवणाच्या तासाला मुलींकडून फुलाफुलांची झाकणं शिवून घेतली आणि खोलीला कुलूप घातलं. दसऱ्याला कुलूप उघडायचं, प्रत्येक पडद्याला हळदकुंकू लागायचं, मुलं रांगेने चपला काढून आत जायची आणि हात मागे बांधून दुसऱ्या दाराने बाहेर यायची. सरांनी किल्ली मागितली तेव्हा मोठ्या बाई म्हणाल्या, मुलं हात लावतील. सर म्हणाले, त्यासाठीच मागतोय. किल्ली काही मिळाली नाही.

मग सरांनी वेगळा विचार केला. शाळेत कॉम्प्युटर झाकलेला आहे, पण घरात टीव्ही उघडा आहे. जे उघडं आहे त्यात शिकवावं. पुतण्याचा हॅन्डीकॅम आणून त्यांनी स्वतःच्या स्वयंपाकघरात धडे चित्रित करायला घेतले. कॅमेरा त्यांच्या बायकोकडे. काकूंनी हयातीत कधी फोटो काढला नव्हता, त्यामुळे पहिल्या अख्ख्या धड्यात सरांना डोकंच नाही. बनियनवर चढवलेला शर्ट, हातात खडू, मागे चकलीचा सोऱ्या, आणि आवाज. दुसऱ्या धड्यात डोकं आलं, पण पुढे कुकरच्या शिट्ट्या आल्या आणि ऐन मोक्याला काकूंचा आवाज आला, "अहो, दूधवाला आलाय, सुट्टे आहेत का?" सर खडू ठेवून गेले, दूध घेऊन आले आणि पुढे सुरू झाले. हे सगळं धड्यात तसंच. मी म्हटलं, एवढं तरी कापायचं. तर म्हणाले, खरं शिकणं असंच होतं, मध्ये दूधवाला येतोच.

त्या धड्यांच्या सीड्या वर्गात वाटल्या जायच्या. मुलांनी रात्री घरी बघायचं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन त्यातलं काहीतरी करून दाखवायचं. सर शेवटच्या बाकावरून बघणार. कोणी अडलं तर दुसऱ्या मुलाकडे बोट दाखवणार. अगदीच सगळे अडले तर उठून खिडकीत जाऊन उभे राहणार, म्हणजे पुन्हा बघून या.

गंमत अशी की वर्गात मौन पाळणारा हा माणूस सीडीत मात्र भर वर्गात असल्यासारखा वागायचा. प्रश्न विचारायचा आणि उत्तरासाठी थांबायचा. चांगला थांबायचा. मग मान हलवून म्हणायचा, "बरोबर. खाली बस." शाळेजवळच्या पेणकरपाड्यातल्या एका बाईंनी मला सांगितलं की त्यांच्या घरी सासू पहिल्या दिवशी खरोखरच उभी राहिली होती आणि 'खाली बस' म्हटल्यावर बसली. मधेच सर डोळे वटारून म्हणायचे, "मागचा, पंख्याकडे काय बघतोस?" आणि दर घरात कोणीतरी पंख्याकडे बघत असायचंच. कंपनीतून थकून आलेले, टीव्हीकडे पाय करून आडवे झालेले बाप दचकून पाय आवरायचे. मुलांपेक्षा आईबापांनाच त्या धड्यांचा धाक जास्त.

सगळ्यांकडे सीडी प्लेअर नव्हते. पेणकरपाड्यात तर क्वचित एखाद्या घरी. मग सरांनी केबलवाल्याला गाठलं. हा पेणकरपाड्याचाच, जुन्या घरातला मुलगा, सरांचाच विद्यार्थी. केबलवर त्याचा स्वतःचा एक चॅनल होता, त्यावर तो दिवसभर जुने पिक्चर लावायचा. सरांनी त्याला सांगितलं की संध्याकाळच्या मालिका सुरू व्हायच्या आधी माझा धडा लाव.

"सर, तुम्ही मना नववीत नापास केलावता," तो म्हणाला.

"म्हणून तर सांगतोय. तूही बघ."

तो म्हणाला, लोकांनी शिव्या घातल्या तर मी जबाबदार न्हाय. पण लोकांनी शिव्या घातल्या नाहीत. मालिका सुरू व्हायच्या आधी टीव्ही लावून ठेवायची सवय घराघरात होती, तेव्हा आपोआपच सर दिसायला लागले. बघता बघता ते आमच्या भागातले हिरो झाले. भाजीवाली कोथिंबीर वर घालायला लागली. रिक्षावाला आरशातून निरखून विचारायचा, "आप वो ही हो ना, दूधवाले सर?" काकूंना तर त्यांच्या नुसत्या आवाजावरून वाण्याने ओळखलं. सरांना याचं भारी कौतुक होतं आणि ते लपवायची त्यांची धडपड अगदी केविलवाणी होती. रिक्षातून उतरल्यावर ते दोन मिनिटं उगाचच शर्टाची कॉलर ठीक करत.

आता बादल्यांचं सांगते. पाण्याचा दाब हा धडा त्या वर्षी त्यांनी पाण्यावरच शिकवायचा ठरवला. आमच्याकडे पाणी ठरल्या वेळी येत नसे. येईल तेव्हा यायचं, आणि आलं की माणसं हातातलं काम टाकून धावायची. सरांनी वर्गाला एक कायमचा हुकूम देऊन ठेवला. पाणी आलं की वर्ग पाण्याकडे. एकाच मापाची बादली, प्रत्येक मजल्यावर एकच नळ पूर्ण सोडायचा, आणि घरातल्या मोबाइलवरच्या घड्याळात ती किती वेळात भरते ते मोजायचं. वर्गात येऊन फळ्यावर आलेख काढायचा आणि भांडायचं. भांडायचं हा शब्द सरांचा. मुलांना कळलं की गच्चीतली टाकी डोक्याच्या जितकी जवळ, तितकी नळाची धार बारीक. चौथ्या मजल्यावर सगळ्यात वाईट, तळाला सगळ्यात जोरात. एका सोसायटीत मात्र आलेख बिघडला. चौथ्या मजल्यावरचा एकच नळ तळमजल्यापेक्षाही जोरात निघाला. मुलांना वाटलं आपलं चुकलं. त्यांनी पुन्हा मोजलं, मोबाइल बदलून मोजलं. शेवटी एका मुलीने गच्चीत जाऊन पाइप शोधला. त्या नळाला वेगळा पंप होता आणि ते घर सोसायटीच्या सेक्रेटरीचं होतं.

सेक्रेटरी दुसऱ्या दिवशी शाळेत. "ये कौनसी पढ़ाई है? बच्चे लोग मेरे बाथरूम में टाइम लगा रहे हैं," असं मोठ्या बाईंना विचारत होते. मोठ्या बाई सरांकडे बघत होत्या. सर गप्प, कारण हे सगळं नववी ब च्या दारात चाललं होतं आणि एक पाय वर्गात होता. मोठ्या बाईंनी त्यांना दंडाला धरून बाहेर ओढलं. बाहेर आल्याबरोबर सर म्हणाले, साहेब, तुमच्यामुळे आमच्या मुलांना अपवाद म्हणजे काय ते कळलं. सेक्रेटरींना ही स्तुती वाटली असावी, कारण ते चहा पिऊन गेले.

पण मोठ्या बाईंना हे प्रकरण झोंबलं होतं आणि मलाही, कारण त्याच महिन्यात ठाण्याहून पटाची तपासणी येणार होती. मराठी शाळांची मुलं कमी होत चालली होती. साहेब येऊन वर्गात हजर डोकी मोजणार आणि कमी भरली तर ब तुकडी बंद. तुकडी बंद झाली की शाळेतली एक जागा जाते, आणि जागा गेली की सगळ्यात शेवटी लागलेला शिक्षक अतिरिक्त ठरतो. सगळ्यात शेवटी लागलेली मी. अतिरिक्त शिक्षकाला जिल्ह्यात कुठेही टाकतात, आणि आमचा ठाणे जिल्हा तेव्हा पार डोंगरातल्या मोखाड्यापर्यंत होता. माझा मुलगा बालवाडीत होता. मला रात्री झोप लागेनाशी झाली.

तपासणीच्या दिवशी मोठ्या बाईंनी सगळ्यांना बजावलं होतं. गणवेश धुतलेले, केस विंचरलेले, एकही मूल गैरहजर नको. नववी ब पूर्ण भरलेली मी स्वतः बघितली. मग मी साहेबांसाठी गुलाबाचं फूल आणायला ऑफिसात गेले. परत येते तर वर्ग रिकामा. बाकांवर दप्तरं, शेवटच्या बाकावर सर, चष्मा पुसत. चार दिवस न आलेलं पाणी नेमकं तेव्हाच आलं होतं.

मी विचारलं, तुम्ही अडवलं नाही? सरांनी माझ्याकडे बघितलं आणि उठून वर्गाबाहेर आले.

"मीच शिकवलंय, मी कसं अडवू?"

मला रडू कोसळलं. मोखाडा, मुलगा, सासूबाई, सगळं मी त्यांना व्हरांड्यात उभ्या उभ्या सांगितलं. सरांना हे ठाऊकच नव्हतं. तुकडी गेली तर कोणाची तरी जागा जाते इतपत त्यांना कल्पना होती, पण ते कोणीतरी त्यांच्यासमोर उभं राहून नाक पुसेल असं काही त्यांच्या हिशेबात नव्हतं. त्यांचा चेहरा पडला. त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि केबलवाल्याला फोन लावला.

मग मीरा रोडच्या टीव्हींवर, त्याच्या चॅनलवर चाललेल्या जुन्या पिक्चरखाली, एक पट्टी सरकायला लागली. तिचा मजकूर केबलवाल्याने स्वतः रचला होता. 'नववी ब के सब लोग तुरंत स्कूल में आओ. सर बुला रहे हैं.'

आणि सब लोग आले. सरांचा धडा रोज बघणारा प्रत्येक माणूस स्वतःला नववी ब चा समजत होता, हे आम्हा कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. मुलं आली, त्यांच्यामागून पदर खोचलेल्या, कोपरापर्यंत ओल्या आया आल्या. ती उभी राहिलेली सासू आली. एक निवृत्त गुजराती काका वही घेऊन आले. सेक्रेटरी आले. सगळे बाकांवर दाटीवाटीने बसले, आणि साहेब जेव्हा मोठ्या बाईंबरोबर दारात उभे राहिले तेव्हा मुलं भिंतीला टेकून उभी होती आणि वर्गात आयाच आया.

"हे कोण?" साहेबांनी विचारलं.

मोठ्या बाईंनी सरांकडे बघितलं. सर शेवटच्या बाकावर दोन आज्यांच्या मध्ये बसले होते. त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

साहेबांनी हजेरी घ्यायला सुरुवात केली. मुलं हजर म्हणत होती. एका नावाला पहिल्या बाकावरची बाई उठून म्हणाली, "हजर. पाणी भरतोय."

"तो पाणी भरतोय तर तो हजर कसा?"

"मग मी येते ना त्याच्या जागी. धडा माझा झालाय," ती म्हणाली. ही पेणकरपाड्यातली, जिची सासू उभी राहिली होती ती. साहेब थोडे चिडले होते. तिला गप्प करावं म्हणून त्यांनी विचारलं, झालाय ना, मग सांगा, वरच्या मजल्यावर पाणी हळू का येतं? ती सांगायला लागली. तिचं अर्धं झालं नाही तोच मागची दुसरी म्हणाली, तसं न्हाय, पाइप पन बघायला पाहिजे. गुजराती काका म्हणाले, बेन, पहले हाइट बोलो, पछी पाइप. सेक्रेटरी म्हणाले, सब में पंप का बात मत लाओ. मुलं भिंतीपासून एकेकाला दुरुस्त करत होती. साहेब फळ्यापाशी उभे राहून ऐकत होते. मग त्यांनी खडू घेतला आणि म्हणाले, मी ठाण्याला सातव्या मजल्यावर राहतो, आमच्याकडे टाकी अशी आहे. सगळा वर्ग त्यांच्या टाकीवर तुटून पडला. या गडबडीत तासभर गेला आणि तेवढ्यात पाणी भरायला राहिलेली सगळी मुलं एकेक करून, ओल्या गणवेशात, वर्गात दाखल झाली. पट पूर्ण भरला. साहेबांनी जाताना शेऱ्यात लिहिलं की संगणक कक्ष अत्यंत स्वच्छ आहे. वर्गाबद्दल एक अक्षर नाही.

तुकडी वाचली. मी घरी जाऊन मुलाला कवटाळलं. सासूबाई म्हणाल्या, त्या दूधवाल्या सरांचे पाय धर.

जूनमध्ये त्याच पेणकरपाड्याच्या बाई स्टाफरूममध्ये आल्या, हातात पेढे. त्यांची धाकटी मुलगी पाचवीत जाणार होती. पाचवीत भरती झाली तरच ब तुकड्या पुढे टिकणार होत्या, त्यामुळे आम्ही सगळ्या हसऱ्या चेहऱ्याने पुढे झालो. पेढा तोंडात टाकल्यावर कळलं की धाकटीला इंग्रजी शाळेत प्रवेश मिळाला होता, त्याचे होते ते. सरांना मुद्दाम द्यायला आल्या होत्या आणि पुढचा धडा कधी लागणार हेही विचारायचं होतं.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, अहो, तुम्हीच असं केलंत तर आमच्या वर्गात कोण बसणार?

त्यांना खरंच प्रश्न कळला नाही. "बाई, वर्गात सर कुठे बोलतात? सर तर घरीच येतात. मग शाळा इंग्रजी घेतली, सर तर आपलेच हायेत ना."

 बाई गेल्यावर सर पेढ्याच्या कागदाची घडी करत बसले. मग म्हणाले की चूक माझीच आहे. धडा फक्त निम्मा होता, बाकीचा निम्मा वर्गात व्हायचा, मुलांच्या हातून. लोकांना मी केबलवर पहिला निम्माच दाखवत राहिलो. त्यांना वाटलं, शिकणं म्हणजे मीच.

त्या वर्षी ते कॅमेरा घेऊन शाळेत आले. स्वयंपाकघर बंद. आता केबलवर वर्ग दिसायला लागला. मुलं बादल्या घेऊन पळताहेत, फळ्यापाशी भांडताहेत, चुकताहेत, पुन्हा मोजताहेत. सर कुठेच नाहीत, कारण कॅमेरा त्यांच्याच हातात. प्रेक्षक भयंकर नाराज झाले. भाजीवालीने विचारलं, तुमाला काय झालं, आजारी हाय काय? केबलवाल्याकडे तक्रारी गेल्या की हिरो बदलला. सरांची कॉलर ठीक करायची सवय सुटली. आणि पाचवीत भरती काही वाढली नाही. लोकांनी मुलं इंग्रजी शाळेत घातली ते सरांसाठी नव्हे आणि सरांविरुद्धही नव्हे. सगळे घालत होते म्हणून घातली. दोन वर्षांत ब तुकडी मिटली.

माझा बदलीचा आदेश शनिवारी आला. मोखाडा नव्हे, पण तिथून फार लांबही नाही. मी तो पर्समध्ये ठेवला आणि सरांना सांगायला नववी ब च्या जुन्या वर्गाकडे गेले. शनिवारी शाळा अर्धीच असायची, वर्ग रिकामा असेल असं मला वाटलं होतं. दारातून आत शिरायला जागा नव्हती. बाकांवर, जमिनीवर, खिडकीच्या कट्ट्यावर मुलं होती आणि बहुतेकांच्या गळ्यात टाय होते. निळे, लाल, पट्ट्यापट्ट्यांचे, चार-पाच वेगवेगळ्या शाळांचे. शनिवारी त्यांना सुट्टी असायची. टीव्हीवर बादल्या बघून बघून ती आपापल्या आयांना न सांगता किंवा सांगून इथे यायला लागली होती, आणि एकाचंही नाव आमच्या पटावर नव्हतं.

सर शेवटच्या बाकावर होते. मी खूण करून आदेश दाखवला. त्यांनी लांबूनच ओळखला. त्यांचे डोळे भरून आले, ते मला स्पष्ट दिसलं, पण वर्गात होते म्हणून ते बोलले नाहीत. फक्त बाकावर सरकून बसले आणि शेजारची जागा हाताने झटकली. मी जाऊन बसले. पुढच्या बाकावरच्या एका मुलीने वळून माझ्या हातात मोबाइल दिला. पेणकरपाड्याच्या त्या बाईंची धाकटी होती ती, हुबेहूब आईचा चेहरा.

"तुम्ही टाइम धरा, मी ओतते," ती म्हणाली. मग माझ्याकडे नीट बघून तिने विचारलं, "तुम्ही कुठल्या स्कूलच्या?"

मी म्हटलं, "आजच्या दिवस तरी इथलीच."

"मग चालेल," ती म्हणाली, आणि तिने बादली उचलली.